चांदोबा कुठे आहे?

(वाचनालयाच्या वार्षिक स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘स्वमग्नता : कारणे, लक्षणे व उपाय’ असा छापला आहे. तो मी दिलेला नाही. पत्रिका छापायला जायच्या दिवशी वाचनालयाच्या कार्यकर्त्यांचा फोन आला, तेव्हा मी एका मुलाबरोबर साबणाचे फुगे उडवत बसले होते. फोन उचलला नाही, म्हणून त्यांनी आपल्या अंदाजाने मथळा देऊन टाकला. उपायांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले निम्मे काहीतरी विकत असतात. मी बोलणार आहे ते मधल्या काळाबद्दल. घरातल्या कुणाच्या तरी मनात पहिल्यांदा पाल चुकचुकते तिथपासून हातात निदानाचा कागद पडतो तिथपर्यंतचा हा काळ. कधी चार महिन्यांचा असतो, कधी चाळीस वर्षांचा.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाई याच गावात बालवाडी चालवत. मला त्या दोनदाच भेटल्या. पण त्यांनी पाठवलेली मुलं माझ्याकडे तपासणीसाठी वर्षानुवर्षं येत राहिली. प्रत्येकाबरोबर वहीचा एक फाडलेला कागद असे. ‘डबा उघडून दिला तरच खातो. घंटा झाली की कान झाकतो. शेजारचं मूल पडलं तर बघत नाही, पंखा बघतो. परवा मात्र माझी बांगडी वाजली तेव्हा हसला.’ रोगाचं नाव कुठेही नाही, ‘मला वाटते’ नाही. माझ्याकडे येणाऱ्या जाडजूड फायलींना त्या कागदाची सर क्वचितच येते.

आपल्याकडे मूल भरवायची एक रीत आहे. कडेवर घ्यायचं, अंगणात नाहीतर गॅलरीत न्यायचं आणि काऊ-चिऊ दाखवत घास भरवायचा. रात्र असली तर चांदोबा. आईचं बोट वर जातं. मूल बोटाच्या रोखाने वर बघतं आणि मग वळून आईच्या तोंडाकडे बघतं. हे वळून बघणं फार मोलाचं. तोंडात एक शब्द नसताना ते विचारत असतं, तुलाही दिसला ना? वर्षाच्या आगेमागे हे सुरू होतं, दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांत पक्कं होतं. आमच्या शास्त्रात याला संयुक्त अवधान म्हणतात. आजीला विचाराल तर ती म्हणेल, बाळ आता दाखवायला लागलं.

मुलाच्या स्वतःच्या बोटाचेही दोन प्रकार असतात. फडताळातला बिस्किटाचा पुडा हवा म्हणून केलेलं बोट एक, आणि आकाशात विमान दिसलं म्हणून केलेलं दुसरं. विमान काही त्याला खायचं नसतं. स्वमग्न मुलांत पहिलं बोट येऊ शकतं. किंवा बोटाऐवजी मूल आईचा हात मनगटाशी धरून पुड्यापर्यंत नेतं, जणू तो हात म्हणजे चिमटा आहे. दुसरं बोट उशिरा येतं, नाहीतर येतच नाही. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली अनेक देशांत वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न तुम्ही दाखवलेल्या वस्तूकडे मूल बघतं का हा आहे, आणि पुढे बोटाचे हे दोन्ही प्रकार वेगवेगळे विचारलेले आहेत. म्हणजे फिरून चांदोबाच. ही प्रश्नावली म्हणजे चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलेल्या प्रत्येक मुलाला स्वमग्नता असतेच असं नाही, आणि काही मुलं खाली निसटूनही जातात.

निसटलेल्या एका मुलाची गोष्ट मला आज सांगायची आहे, कारण त्याला निसटू दिलं ते मी.

१९९५ साल संपत आलं होतं. मी या कामात नवी होते. अडीच वर्षांचा मुलगा, गोरागोमटा, अंगाने छान. आई म्हणाली, बोलत नाही. सासूबाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला. जिभेला मध-वेखंड चाटवतेय मी. मुलगा माझ्या खोलीतल्या कॅलेंडरसमोर उभा राहून आकडे ओळीने म्हणत होता, एक ते एकतीस. मी हरखले. ‘हुशार आहे हो, बोलेल. सहा महिने वाट बघा,’ असं सांगून मोकळी झाले. हाक मारून बघितली नाही. बोट दाखवून बघितलं नाही. आकडे म्हणताना त्याने एकदाही वळून कुणाकडे बघितलं नाही, हे डोळ्यांना दिसलं होतं; पण बघितलं नाही म्हणजे काय, हे मला कळलं नव्हतं.

आई परत आली ती १९९८च्या जूनमध्ये. मुलगा पाच वर्षांचा झाला होता. तिने पिशवीतून भिंतीवरची जुनी कालनिर्णयं काढली, चार वर्षांची. आपल्याकडे दुधाचे खाडे, गॅसचा नंबर, पाहुणे कधी येणार, सगळं त्या चौकोनांत लिहायची पद्धत आहे. या बाईने दुधाच्या हिशेबाशेजारी मुलगा लिहिला होता. ‘आज पाणी म्हणाला.’ ‘बाबा म्हणाला, दोनदा.’ मग दीड वर्षाच्या सुमाराला: ‘आठ दिवस पाणी म्हटलं नाही.’ पुढे शब्दांच्या नोंदी थांबतात आणि दुसऱ्या सुरू होतात. ‘कुकरची शिट्टी – एक तास रडला.’ ‘मुंजीला नेलं, मांडवातून परत आणलं.’ आलेले शब्द जाणं हे स्वमग्नतेत साधारण तीस टक्के मुलांत दिसतं, बहुधा दुसऱ्या वर्षात. पालकांना नंतर ते नेमकं कधी घडलं ते आठवत नाही, आणि विचारणाऱ्यालाही मग ते खरं वाटत नाही. इथे तारीखवार पुरावा होता. पहिल्या भेटीत तो भिंतीवरच लटकत होता. मी विचारलं नाही, म्हणून आला नाही.

मला त्या दिवशी एक पत्र आठवलं. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातून एक वकील आपल्या पाच वर्षांच्या मुलाला बाल्टिमोरला लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेला. जाण्याआधी त्याने मुलाबद्दलची हकिकत टाइप करून पाठवली होती, तेहतीस पानं. काय खातो, काय फिरवत बसतो, कुठली वाक्यं तशीच्या तशी परत म्हणतो. अशा अकरा मुलांवरचा कॅनर यांचा लेख १९४३मध्ये आला आणि ऑटिझमचं, म्हणजेच स्वमग्नतेचं, निदान वैद्यकात रुळलं. ‘ऑटिझम’ हा शब्द त्याआधी ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरबाईंनी तर १९२५ सालीच सहा मुलांचं इतकं बारीक वर्णन केलं होतं की आजच्या निकषांशी ते बऱ्यापैकी जुळतं. पण ते दीर्घकाळ कुणी वाचलं नाही. कॅनर यांच्या लेखातल्या पहिल्या रुग्णाचं, म्हणजे त्या वकिलाच्या मुलाचं, नाव डोनाल्ड ट्रिपलेट. तो पुढे त्याच गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जगभर एकटा हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. गावाने त्याला सांभाळून घेतलं, हेही नोंदवायला हवं. पण मला त्या इतिहासात सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती तेहतीस पानांची. या निदानाच्या मुळाशी एका बापाने केलेलं निरीक्षण आहे.

आणि गंमत बघा, ज्यांच्या निरीक्षणावर हे उभं राहिलं त्यांनाच पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आईबाप थंड, कोरडे, म्हणून मूल आत वळलं. कॅनर यांनीही याला हातभार लावला होता. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७मध्ये ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ लिहून तो विचार घरोघर पोचवला. एका पिढीतल्या आयांनी त्या पुस्तकाचं ओझं वाहिलं. त्या विचाराला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४मध्येच. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या सभेत आईबापांची जाहीर निर्दोष मुक्तता केली. झाली का पण? हल्ली माझ्या खोलीत आई आत येते तीच कबुली देत: ‘मॅडम, आम्ही मोबाइल दिला.’ पूर्वी आई थंड होती, आता आई मोबाइल देणारी झाली. तासन्‌तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाचं बोलणं मागे पडू शकतं, मोबाइल कमी करा हे मीही सांगते. पण मोबाइलने स्वमग्नता येते असं सिद्ध झालेलं नाही. उलट बऱ्याचदा असं असतं की जे मूल दुसऱ्या कशानेच शांत होत नाही, त्याच्या हातात दमलेली आई मोबाइल देते.

आता चाचणीच्या खोलीत जाऊ. लोकांना वाटतं, एक मशीन असेल. पालक एमआरआयचं मोठं पाकीट काखेत धरून येतात. त्यात स्वमग्नता दिसत नाही. रक्तात दिसत नाही. झटके येत असतील तर ईईजी, चेहऱ्यामोहऱ्यात किंवा घराण्यात काही आढळलं तर जनुकीय तपासणी, हे डॉक्टर ठरवतील. पहिली तपासणी कानांची. हाकेला ओ देत नाही म्हणून नातेवाईक मुलाला बहिरं ठरवतात. तोच मुलगा पलीकडच्या खोलीत चॉकलेटचा कागद चुरगळला की धावत येतो, म्हणून आई म्हणते, कान तर ठणठणीत आहेत. दोघांपैकी कुणाचंही ऐकायचं नाही, ‘बेरा’ ही ऐकण्याची तपासणी करायची. त्यासाठी मूल झोपलेलं लागतं. म्हणून आदल्या रात्री जागवा, असं सांगतात. ज्या मुलाला झोपेचं मुळातच वावडं आहे त्याला दवाखान्याच्या बाकावर झोपवणं काय असतं, ते त्या आयांनाच विचारा.

मग आमचं काम. दोन-तीन बैठका. आईवडिलांशी सविस्तर बोलणं आणि मुलाबरोबर खेळणं. एडॉस नावाच्या चाचणीत खेळाचे ठरलेले प्रसंग आहेत, त्यांत बाहुलीचा वाढदिवस करतात: केक, मेणबत्त्या, फुंकर. ही चाचणी महाग आहे, तिचं वेगळं प्रशिक्षण लागतं. एकदा गावाकडच्या एका मुलीने त्या केककडे ढुंकून बघितलं नाही. मी खूण करणारच होते, तेवढ्यात तिने बाहुलीच्या कपाळाला बोट लावलं आणि वाटी घेऊन तिच्याभोवती फिरवली. औक्षण! वाढदिवस तिने केला होता, माझ्या कागदावर तो नव्हता. तसंच डोळ्यांचं. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये असं शिकवलेल्या घरातली नजर आणि स्वमग्न मुलाची नजर यांतला फरक ओळखायला नुसता तक्ता पुरत नाही.

भाषेतही असेच खाचखळगे आहेत. कॅनर यांनी लिहिलं होतं की ही मुलं ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणतात, ऐकलेलं तसंच परत करतात. मराठीत मूल म्हणतं, ‘तुला पाणी पाहिजे?’ अर्थ, मला पाणी पाहिजे. हे लक्षण म्हणून नोंदवायचं. पण लहान मुलगा ‘मी जाते’ म्हणाला तर? तो दिवसभर आई-आजीबरोबर असतो, त्यांच्यासारखं बोलतो. आपल्याकडे कित्येक मुलगे काही दिवस असं बोलतात. एका शिकाऊ मुलीने त्यावरही फुली मारली होती. मी ती खोडायला लावली. आणि एक सांगते, कारण रोज ऐकते: ‘घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळेल.’ दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेतल्याने मात्र होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परदेशी चाचणी आपल्या मातीत रुजवायचं काम आपल्याच राज्यात फार पूर्वी झालं आहे. नागपुरात ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांची बुद्धिमापन चाचणी आणि व्हाइनलँडची सामाजिक प्रौढतेची मोजपट्टी भारतीय मुलांसाठी बेतली. आजही अहवालांत ‘नागपूर आवृत्ती’ असा उल्लेख येतो आणि लिहिणाऱ्या मुलामुलींना नागपूर कुठून आलं ते ठाऊक नसतं. स्वमग्नतेसाठी आपली मोजपट्टी आहे ती ‘इसा’. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण. ७०च्या खाली स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र.

या आकड्यांवर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची टक्केवारी ठरते, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

त्या कालनिर्णयवाल्या आईला मी १९९८मध्ये ‘स्वमग्नता’ असा अहवाल दिला. तो घेऊन ती सरकारी टेबलापाशी गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, असा रकाना नाही. खरंच नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता. तो आला १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि पूर्ण हक्कांसह २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. मधल्या वर्षांत कितीतरी मुलांच्या कागदावर ‘मतिमंद’ लिहिलं गेलं, कारण सवलत हवी तर रकाना हवा. आता रकाना आहे. चाळीस टक्क्यांची अट आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. म्हणून मी पालकांना सांगते, कागद करून घ्या, लाजू नका. पण तो करून घेताना काय होतं तेही बघा. प्रमाणपत्राच्या टेबलापाशी आईला मुलाचा सगळ्यांत वाईट दिवस सांगावा लागतो, नाहीतर टक्के कमी पडतील. त्याच आठवड्यात शाळेत प्रवेशाला गेली की सगळ्यांत चांगला दिवस सांगावा लागतो, नाहीतर दार बंद. एका आईने मला विचारलं होतं, मॅडम, यातलं खोटं कुठलं? दोन्ही खरं होतं.

शब्दाबद्दल एक तक्रार मलाही आहे. ‘स्वमग्नता’ कानाला गोड लागतो, पण मूल स्वतःत रमलंय, सुखात आहे, असं तो सुचवतो. ज्याला मिक्सरचा आवाज सुरीसारखा लागतो, शर्टाच्या आतलं लेबल काटेरी तारेसारखं टोचतं, ते मूल स्वतःत मग्न नसतं. बाहेरचं जग त्याच्यावर चालून येत असतं. २०१३च्या अमेरिकी निकषांत संवेदनांचा हा भाग स्पष्टपणे घेतला गेला, आणि ऍस्पर्गरसारखी वेगळी नावं एकाच छत्रीखाली आली. त्या छत्रीची कल्पना मुख्यतः लॉर्ना विंग यांची. त्या डॉक्टर आणि एका स्वमग्न मुलीची आई. पुन्हा आई! शब्द मात्र मी बदलणार नाही. पालकांच्या तोंडी बसला आहे.

हे सगळं शहरातलं. जिल्ह्याच्या ठिकाणी शासनाची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत जाऊन तपासतात. काम चांगलं आहे, पण तालुक्यातून जिल्ह्याला जायला आईची एक दिवसाची मजुरी बुडते. देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर गोवाही होतं. विकासाशी संबंधित नऊ अडचणींपैकी एक तरी जवळजवळ दर आठांतल्या एका मुलात सापडली. इतक्या मुलांना पुरतील एवढे तज्ज्ञ कुठून आणणार? त्याचं एक उत्तर गोव्यातच सापडलं. ‘संगथ’ संस्था आणि रावळपिंडीतले सहकारी यांनी ६५ मुलांबरोबर केलेला प्रयोग २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी घरच्यांना मुलाच्या बारीक खुणा वाचायला आणि त्यांना उत्तर द्यायला शिकवलं. आईशी होणारी मुलाची देवाणघेवाण सुधारली. बाईंच्या वहीतला कागद मला इथे परत भेटतो. बघणं शिकवता येतं. त्याला पदवी लागत नाही.

निदानाच्या दाराबाहेर विक्रेते उभे असतातच: आहार, इंजेक्शनं, स्टेम सेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२मध्ये स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं सांगितलं. घरं विकून ते करून आलेले पालक माझ्यासमोर बसलेले आहेत. यावर जास्त बोलत नाही, राग येतो.

मुलींबद्दल दोन वाक्यं. निदान मुलग्यांत जवळजवळ चौपट होतं; यातला काही फरक खरा असेल, पण मुलगी गप्प बसली की तिला शहाणी म्हणणाऱ्या समाजात काही मुली दिसतच नाहीत. त्या तिशी-पस्तिशीत येतात, बहुधा स्वतःच्या मुलाच्या निदानानंतर. वडीलही येतात. परवा एक गृहस्थ मुलाचा अहवाल वाचता वाचता मध्येच म्हणाले, ‘हे तुम्ही माझं लिहिलंय.’ सत्तेचाळीस वर्षं त्यांना लोक तुसडा म्हणत होते.

आणि आता तो निसटलेला मुलगा. आज तिशी ओलांडलेला आहे. आईचा पोळी-भाजी केंद्राचा व्यवसाय आहे, त्यात डब्यांची मांडणी त्याच्याकडे. त्याच्याखेरीज कुणी डबा हलवला तर त्या दिवशी दुकानात गडबड होते. गेल्या महिन्यात त्याने आईमार्फत वेळ मागितली आणि आला. हातात माझा १९९८चा अहवाल, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. तो त्याने पहिल्यांदाच वाचला होता. खुर्चीत न बसता, खिडकीकडे तोंड करून म्हणाला, ‘तुम्ही लिहिलंय, नजर टाळतो. मी टाळत नाही. बघितलं की ऐकू येत नाही. मला ऐकायचं होतं.’

सत्तावीस वर्षांनी माझ्या अहवालातलं ते वाक्य दुरुस्त झालं. मी त्याला विचारलं, आणखी काही? तर म्हणाला, ‘हो. तारीख चुकली आहे. तुम्ही १४ जून लिहिलंय. १४ला रविवार होता, रविवारी तुम्ही बंद असता. आम्ही १३ला आलो होतो.’ मी म्हटलं, तुला कसं आठवतं? त्याने माझ्याकडे न बघता पिशवीतून जूनचं पान काढलं. तेराच्या चौकोनात आईचं अक्षर होतं: ‘दूध अर्धा लिटर. मॅडमकडे जाणे, सकाळी ११.’

मी १४ खोडून १३ केलं आणि शेजारी सही केली. त्याने ती सही तपासून बघितली.